एक्केचाळीस नंबरचं झाकण

इचलकरंजीत मालन कुंभारइतकी झाकणं दुसऱ्या कुठल्या बाईनं उघडली नसतील. डब्या-बरण्यांची नव्हेत, रस्त्यातली, गटाराची. पहारीनं झाकण उचलायला दोन गडी असत. कुठलं झाकण ते सांगायचं आणि आत दोरीनं कासव सोडायचं, एवढं मालनचं काम. वय अठ्ठावन्न, डावा पाय लहानपणीच पोलिओनं वाळलेला, त्यामुळे दर पावलाला डाव्या हातानं गुडघा मागं दाबत चालायची सवय. ती गल्लीत शिरली की पोरं म्हणत, "कासववाली आली." आता यात कासव नक्की कुणाला म्हणतात याबद्दल मालनला शंका होती, पण तिनं कधी खुलासा मागितला नाही.

खरं कासव जेवणाच्या डब्याएवढं होतं. सांडपाण्यात चार तास बुडवून ठेवलं की पाण्यात कुठले विषाणू आहेत ते वाचून काढी. सरकारी कागदावर त्याचं नाव दोन ओळी भरून होतं. ते मालनसकट कुणालाच पाठ नव्हतं.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो. घाणेरडं पाणी, न धुतलेले हात, एवढं त्याला पुरतं. मग तो आतड्यात वाढतो आणि शौचावाटे बाहेर पडून पुढचं तोंड शोधतो. बहुतेकांना आपल्याला काही झालंय हे कळतही नाही. काहींना चार दिवस ताप येतो, घसा दुखतो, उलट्या होतात, मान आखडते. दोनशेत एखाद्याच्या मात्र तो मज्जारज्जूत शिरतो आणि हातापायांना हुकूम देणाऱ्या पेशीच मारतो. मग पाय लुळा पडतो तो पडतोच. मेलेल्या पेशी परत आणणारं औषध अजूनही निघालेलं नाही. म्हणजे एक पाय लुळा पडेपर्यंत हा पाहुणा शे-दोनशे पोटांतून जेवून गेलेला असतो. म्हणून माणसांच्या आधी गटार तपासायचं. माणूस विसरतो, लाजतो, खोटं बोलतो. गटाराला यातलं काहीच जमत नाही.

फेब्रुवारी २०३८मधल्या त्या सकाळी कासव एक्केचाळीस नंबरच्या झाकणातून वर आलं आणि डॉक्टर इर्शाद मुजावर त्याच्या पडद्याकडे बघतच राहिला. पस्तिशीचा, मिरजेचा हा माणूस तसा बडबडा होता.

"काय निघालं?" मालननं विचारलं.

"पोलिओ. पण भलताच म्हातारा. मालनताई, या विषाणूच्या अंगावरची नऊशे अक्षरं आपण वाचतो. तो वाढत राहिला की साधारण चाळीस दिवसांना त्यातलं एक अक्षर बदलतं. घड्याळच म्हणा ना. यातली दोनशे तेरा बदललीत."

मालननं मनातल्या मनात हिशेब केला. शाळा सातवीपर्यंतच, पण पोलिओ डोसाची हजेरी वीस वर्षं घरोघर फिरताना तिनं तोंडपाठ ठेवली होती. "तेवीस वर्षं झाली की. वर चार-पाच महिने."

"बरोबर. म्हणजे २०१४च्या शेवटी कुणाला तरी पाजलेले दोन थेंब."

थेंबांत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असे. तो बाळाच्या आतड्यात चार-सहा आठवडे राही, शरीराला खरा शत्रू कसा दिसतो ते शिकवी आणि निघून जाई. त्याच थेंबांनी या देशातून पोलिओ घालवला. पण लाखांत एखादं बाळ जन्मतःच असं असतं, की त्याचं शरीर या शत्रूशी लढायची प्रतिद्रव्यंच बनवत नाही. तिथं हा दुबळा पाहुणा मुक्काम ठोकतो. वर्षानुवर्षं एक एक अक्षर बदलत हळूहळू पुन्हा ताकदवान होतो. त्या माणसाला पत्ताही नसतो. म्हणून तर अलीकडे थेंब बंद करून फक्त मेलेल्या विषाणूची सुई देत. सुईनं पाय वाचतो. पण विषाणू पोटातून पुढे सरकायचा पूर्ण थांबत नाही.

"गावभर फिरला असता तर दर झाकणाखाली जरा वेगळा सापडला असता," डॉक्टर म्हणाला. "हा एकाच झाकणाखाली आहे. एकाच माणसाच्या पोटात." त्यानं नकाशा उघडला. "एक्केचाळीसला फक्त पत्र्याची चाळ जोडलीय. बासष्ट खोल्या, सगळे ओडिशाचे माग कामगार. उद्यापासून घरटी तपासणी लावतो."

मालन नकाशाकडे बघत होती. नकाशा चूक होता. पत्र्याच्या चाळीच्या मागच्या भिंतीतून आणखी एक पाइप त्या गटारात पडत होता. तो कुठल्याच कागदावर नव्हता. चार वर्षांपूर्वी एका दुपारी तिच्या नवऱ्यानं, तेव्हा हयात असलेल्या दिनकर गवंड्यानं, भिंत फोडून तो जोडला होता. रस्ता खणायची परवानगी येईना आणि पाळणाघरातल्या पोरांना संडास तर पाहिजे. दिनकर सिमेंट लावत होता आणि दुसऱ्या बाजूनं पाइप धरून मालन बसली होती.

"काय झालं? गप्प का?" डॉक्टरनं विचारलं.

"पाय दुखालाय," मालन म्हणाली. ते खोटं नव्हतं, एवढंच.

*

पाळणाघर प्राजूचं होतं. प्राजक्ता म्हेत्रे, सप्टेंबर २०१४चा जन्म. तिची आई इंदू मालनची जिवाभावाची मैत्रीण. ती गेल्यापासून प्राजूचं दुखणंखुपणं मालनच बघे, आणि ते वर्षभर असेच. कधी कान फुटलेला, कधी छाती भरलेली, दर हिवाळ्यात न्यूमोनिया. गल्लीतल्या बायका म्हणत, पोरगी नाजूक आहे. मालनही तेच म्हणायची.

सुताला खळ लावणाऱ्या एका बंद पडलेल्या सायझिंगच्या दोन खोल्यांत प्राजूनं अकरा पोरं सांभाळायला घेतली होती. आया मागावर, कांडीवर, शिलाईवर. मागांचा खडखडाट भिंतीतून येई आणि पोरं त्यातच झोपत; सुट्टीच्या दिवशी शांत झालं की उलट रडत उठत.

मालन दारात आली तेव्हा प्राजू एका पोराचं ढुंगण धूत होती आणि दुसऱ्याला पाढे म्हणायला लावत होती.

"आलीस व्हय मावशी? बस की. काठी कुठाय तुझी?"

"हाय घरात."

"घरात काठी चालतीया व्हय? चांगला पायसुद्धा आता थरथरालाय तुझा. डॉक्टर काय म्हणाले होते?"

डॉक्टर म्हणाले होते की पोलिओतून वाचलेल्या पेशींनी पन्नास वर्षं मेलेल्यांचंही काम ओढलं, आता त्या थकल्यात; म्हणून म्हातारपणी पुन्हा अशक्तपणा येतो, चांगल्या पायालाही. मालनला ते पटलं होतं. काठीचं तेवढं पटलं नव्हतं.

प्राजूनं हात साबणानं कोपरापर्यंत धुतले. स्वच्छतेत ती फार कडक. मालन त्या हातांकडे बघत राहिली. सांगायचं तोंडावर आलं होतं. तेवढ्यात एका पोरानं प्राजूच्या पाठीवर चढून तिचे केस धरले, ती घोड्यासारखी खिंकाळली, अकराही जण हसायला लागले आणि मालन "येते गं" म्हणून उठली.

असे चार दिवस गेले.

त्या चार दिवसांत पत्र्याच्या चाळीत तपासणीवाले पांढऱ्या कपड्यांत फिरले. मोबाइलवर गावभर गेलं की परप्रांतीयांनी रोग आणला. दोन माग मालकांनी चाळीतल्या कामगारांना अहवाल येईपर्यंत येऊ नका म्हणून सांगितलं. दूधवाला चाळीच्या तोंडाशीच किटली वाजवून परत फिरू लागला. खरं तर एका माणसाच्या पोटातला तेवीस वर्षांचा पाहुणा कुठून आणता येत नाही, तो इथंच पाजलेला असतो; पण एवढं मोबाइलवर मावत नाही.

पाचव्या दिवशी दुपारीच मिनती आपल्या पोराला न्यायला आली. ती त्याच चाळीतली, कांड्या भरायची. पोरगा दीड वर्षाचा, पापू नावाचा.

"आज लवकर?" प्राजूनं विचारलं.

"काम नाही दीदी. शेठ बोलला, रिपोर्ट आण. रिपोर्ट आला, सब ठीक. आता बोलतो, पुरी चाळीचा आण." तिनं पापूला कडेवर घेतलं. "आम्ही आठ वर्षं इथं राहते. आजार आमचाच का असतो नेहमी?"

मिनती गेल्यावर मालननं दार ओढून घेतलं.

"प्राजू, तुझा संडास कुठं जातोय माहितीय का तुला?"

"मावशी, पोरं जेवालीत."

"पत्र्याच्या चाळीच्या गटारात. तुझ्या काकांनी जोडला. मी पाइप धरला होता."

मग तिनं सगळं सांगितलं. अक्षरं, घड्याळ, तेवीस वर्षं. पाळणाघरातली पोरं पाचाच्या आतली, चाळीत तपासलेल्या मोठ्या माणसांत कुणाकडेच काही निघालं नाही, त्या पाइपाला उरलं एकच मोठं माणूस. सांगताना ती प्राजूकडे बघत नव्हती. भातात मीठ कालवणाऱ्या एका पोरीच्या हाताकडे बघत होती.

प्राजू आधी हसली. मग हसायची थांबली आणि अकरा डोकी मोजल्यासारखी एकेका पोराकडे बघत गेली. "यातल्या कुणाला दिलं असंल मी?"

"सुया झाल्यात सगळ्यांच्या. पाय नाही जायचा."

"सगळ्यांच्या नाही. त्या दोघी बहिणींचं लसीचं कार्ड आईनं अजून आणलंच नाही. मी मागतेय महिनाभर." तिनं भिंतीला पाठ टेकली. "थेंब तूच पाजलेस ना मला?"

"मीच. इंदूच्या मांडीवर होतीस. थुंकायला लागलीस, तर मी परत पाजलं."

"आणि बोटाला शाई लावलीस."

"लावली."

मालनला त्या दिवसाचं सगळं आठवत होतं. त्याच्याही आधीचं. लहानपणी आपल्याला ताप आला तेव्हा घरात कुणाला काही माहीत नव्हतं. सकाळी पाय उचलेना. त्या रागानं ती वीस वर्षं घरोघर थेंब घेऊन हिंडली. एकही पोर चुकू दिलं नाही. दारं वाजवली, शिव्या खाल्ल्या, पळणाऱ्यांना तसल्या पायानं गाठलं.

"त्या दिवशी तुझ्यासंगं एकशेचाळीस पोरं होती," ती म्हणाली. "एकाचाही पाय माझ्यासारखा झाला नाही."

"मग मीच का?"

"ते कासवालासुद्धा वाचता येत नाही गं."

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज शनिवार आहे मावशी."

"भीती वाटली. तू मला मावशी म्हणायचं सोडशील म्हणून."

"सोडणारच आहे," प्राजू म्हणाली. "आठवडाभर तरी."

*

प्राजूला घेऊन आलेल्या मालनचं सगळं डॉक्टर मुजावरनं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, परत घातला. "पाच दिवस, मालनताई. बासष्ट घरांचे नमुने घेतले मी."

"लिहून देते. काय कारवाई असंल ती करा."

"कारवाई नंतर. आधी पोरगी." चार तासांनी प्राजूच्या नमुन्यात कासवानं तोच विषाणू वाचला, तेव्हा तो तिच्याकडे वळला. "हा विषाणू तुमच्यातच राहिला तर उद्या तुमचाच पाय धरू शकतो. आजवर धरला नाही हे नशीब. पण आता औषध आहे. एक गोळी विषाणूला त्याचं कवच उघडू देत नाही. आणि जी प्रतिद्रव्यं तुमचं शरीर बनवत नाही, ती आपण बाहेरून देतो. दोन्ही एकदम, म्हणजे त्याला पळायला वाट राहत नाही. कोल्हापूरला राहावं लागेल. तीन महिने, कदाचित जास्त. नाव कुठेही जाणार नाही, तसा नियमच आहे. पाइप बदलू, चाळीला क्लीन अहवाल देऊ. तुम्ही मामाकडे गेलात म्हणून सांगा."

मालनला हायसं वाटलं. "हां, तसंच करूया. नवं गटार काय, आम्ही म्हणू तुंबलं होतं."

"आणि चाळीचं काय सांगायचं?" प्राजूनं विचारलं. "अहवाल आला म्हणून दूधवाला आत जाईल व्हय? लोक म्हणतील, पैसे चारून मिटवलं."

"लोक विसरतात."

"मिनतीचा अहवाल ठीक आला तरी तिला कामावर घेतलं नाही. आणि त्या दोन पोरींच्या आईला मी काय सांगू? सुई घ्या, पण का ते विचारू नका?" ती उठली. "सोमवारी सगळ्या आयांना बोलावते. पाळणाघर बंद करायचंय, तर कारण मीच सांगणार."

"अगं, तुझं नाव एकदा लागलं की पुसत नाही. मला अजून लंगडीच म्हणतात."

"तुझा पाय दिसतो मावशी. माझं पोट दिसत नाही, म्हणून तर सांगायचंय."

सोमवारी दहा आया आल्या. प्राजूनं उभं राहून सांगितलं, फार सावकाश, पोरांना समजावतात तसं. मध्येच एकीनं आपलं पोर उचललं, खुंटीवरची त्याची पिशवी घेतली, वाटी घेतली, आणि जाताना ती वाटी दारातच नाल्यात टाकून दिली. दुसरी म्हणाली, "मग तुला कसं काय झालं नाही?" त्यावर डॉक्टरनं पंधरा मिनिटं घेतली. हात धुणं, पाणी उकळणं, ताप, मान, अचानक ढिला पडलेला पाय दिसला तर लगेच दवाखाना, सगळं सांगितलं. कार्ड न आणणाऱ्या बाईनं दोन्ही पोरींना तिथल्या तिथं सुई देऊन घेतली आणि मग भिंतीकडे तोंड करून रडली. मिनती शेवटपर्यंत मागं उभी होती. संपताच निघून गेली.

पोरांच्या तपासणीत तिघांच्या शौचात विषाणू निघाला. त्यात पापू एक. तिघांच्याही सुया झालेल्या होत्या, तिघंही ठणठणीत हुंदडत होते, आणि पाच आठवड्यांत तिघांच्या पोटांनी पाहुण्याला बाहेर काढलं. जे काम प्राजूच्या शरीराला तेवीस वर्षांत जमलं नव्हतं, ते दीड वर्षाच्या पापूनं बिस्कीट खाता खाता केलं. मालननं हे प्राजूला फोनवर सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की नर्स आली.

कोल्हापूरचे पहिले पाच आठवडे विषाणूचा आकडा हलला नाही. सहाव्यात निम्म्यावर आला. मग पुन्हा वर गेला आणि प्राजूनं दोन दिवस कुणाचा फोन घेतला नाही. मालन एसटीनं गेली, दवाखान्याच्या पायऱ्या चढायला तिला वीस मिनिटं लागली, आणि वर पोचल्यावर दोघी द्राक्षं खात बसल्या. डॉक्टरांनी प्रतिद्रव्यांचा डोस वाढवला.

इकडे मालनवरच्या कारवाईचं वेगळंच झालं. कासवाच्या कामावरून तिला काढलं आणि आठवड्याभरात परत बोलावलं. कारण डॉक्टरच्या लक्षात आलं, की एक पाइप नकाशात नसेल तर आणखी किती नसतील ते सांगणारं माणूस गावात एकच आहे. मालन पेन्सिल घेऊन बसली आणि नवऱ्यानं गुपचूप जोडलेले पाइप एकेक करून आठवत गेली. सतरा निघाले. दोन तर पालिकेच्या एका माजी पदाधिकाऱ्याच्या घरचे.

"दिनकरभाऊ फार कामाचे होते," डॉक्टर म्हणाला.

"व्हय," मालन म्हणाली. "कुणाला नाही म्हणायचं जमलं नाही त्यांना कधी."

*

जूनच्या शेवटी प्राजू परत आली तेव्हा ओळीनं पाच नमुन्यांत विषाणू नव्हता. प्रतिद्रव्यं मात्र तिला जन्मभर, दर महिन्याला घ्यावी लागणार होती. त्यामुळे एक झालं. चार महिन्यांत तिचा कान एकदाही फुटला नाही, आणि सर्दीविना आपला आवाज कसा असतो ते तिला पहिल्यांदाच कळलं. तिला तो आवडला नाही.

सोमवारी सकाळी सातला तिनं पाळणाघर उघडलं. चटया झटकल्या, एक नवी धरून अकरा वाट्या मांडल्या. आठ वाजले. माग सुरू झाले. साडेआठला पिशवी-वाटी घेऊन गेलेली बाई समोरून गेली, मान खाली घालून. नऊ वाजता प्राजूनं पाच वाट्या उचलून ठेवल्या. "एवढ्या कशाला," म्हणाली.

मालन दारात खुर्ची टाकून बसली होती. 

सव्वानऊला मिनती आली. कडेवर पापू, चांगलाच जड झालेला. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"शेठनं परत घेतलं, पण चार महिने याला मागाच्या खांबाला बांधून काम केलं," ती म्हणाली. राग आवाजात नव्हता, होता तो सरळ बोलण्यात होता. "तुम्ही बरी झाली?"

"झाले," प्राजू म्हणाली.

"कागद?"

प्राजूनं पाच अहवाल आणून दिले. मिनतीनं प्रत्येकावरची तारीख बोटानं वाचली. मग विचारलं, "नवा पाइप कुठं जातो?"

"इकडं, रस्त्याच्या गटारात. चाळीकडचं तोंड बंद केलंय."

"कागदावर तो पहिला पण नव्हता. दाखवा."

प्राजूनं मालनकडे पाहिलं. मालन उठली. पहार होती, पण गडी नव्हते. तिनं पहार खाचेत घातली, प्राजूनं जोर लावला, मिनतीनं पापूला खाली ठेवून दुसरी बाजू धरली, आणि तिघींनी मिळून झाकण बाजूला सरकवलं. मिनती आत गेली, बादलीत थोडी नीळ कालवून संडासात ओतली, धावत बाहेर आली आणि वाकून बघत राहिली. थोड्या वेळानं नव्या पाइपाच्या तोंडातून निळं पाणी आलं. तरी ती उठली नाही. चालत चाळीच्या मागच्या गटारापर्यंत गेली, तिथं निळं काही नाही ना ते पाहून आली.

मग तिनं पापूला उचललं आणि प्राजूच्या हातात दिलं. पापूनं ताबडतोब भोकाड पसरलं.

"दुपारी भात कमी द्या, पोट बिघडलंय," ती म्हणाली. "आणि उद्या आमच्या चाळीतल्या आणखी दोघी येणार. पण त्या पण बघणार हां, आधी."

"बघू देत," प्राजू म्हणाली.

मिनती घाईनं कामावर गेली. प्राजू रडणाऱ्या पापूला झुलवत आत गेली आणि उचलून ठेवलेल्या वाट्या पुन्हा मांडल्याचा आवाज आला. मालननं झाकण लावलं नाही. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी घेतली, पाय लांब केले, आणि रस्त्यानं कुणी येतंय का ते बघत बसली.